‘फिब्यूला’ला मराठीत काय म्हणावे?

(निशातगंज, लखनौ येथे मराठी वाचकांपुढे केलेले भाषण)



रोमन पोशाखावरील मजकूर मराठीत आणताना अनुवादकाची वाट अडवणारा एक लहानसा शब्द म्हणजे फिब्यूला. इंग्रजीत त्याला ‘ब्रूच’ म्हणतात आणि ब्रूच म्हटले की आपल्यापुढे शोभेची वस्तू उभी राहते. फिब्यूला ही आधी कामाची वस्तू होती. कमानीसारखा देह, एका टोकाला तारेची वेटोळी, त्यांतून निघालेली सुई आणि सुईचे टोक अडकवण्यासाठी समोर खोबण. वेटोळ्यांच्या ताणाने सुई जागच्या जागी राही. 1849 साली अमेरिकेत वॉल्टर हंट याने सेफ्टी पिनेचे पेटंट घेतले, तेव्हा ही जुनीच युक्ती नव्याने अवतरली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील काही फिब्यूलांवर ‘औकिस्सा’ हे नाव उमटवलेले आढळते. त्यांत वेटोळ्यांऐवजी बिजागरी असते. रोमन सैनिक आपले जाड लोकरी पांघरूण उजव्या खांद्यावर तिने टाचीत, म्हणजे तलवारीचा हात मोकळा राही. टोगा मात्र नुसता गुंडाळण्याचा. त्याला ती लागत नसे.

आपली अडचण येथेच आहे. निऱ्या, कासोटा, ओचा, पदर हे आपले शब्द खोचण्याचे आणि गुंडाळण्याचे आहेत. नऊवारीला पिन लागत नाही, धोतरालाही नाही. गोमती ओलांडून बनारसी बागेतील राज्य संग्रहालयात मथुरेची कुषाणकालीन शिल्पे पाहावीत. मथुरेच्या त्या काळच्या पुष्कळ बुद्धमूर्तींत चीवर डाव्या खांद्यावर आहे, उजवा खांदा उघडा आहे. टाचण्याचे साधन कोठे दिसत नाही. वस्तूच नाही, तेथे शब्द कोठून यावा?

सोफोक्लीझच्या नाटकात ईडिपस योकास्टेच्या वस्त्रावरील सोन्याच्या अशाच साधनांनी स्वतःचे डोळे फोडतो. ग्रीकांचा शब्द निराळा, पेच तोच. तेथे ‘सेफ्टी पिन’ लिहिल्यास करुणाचे हसे होईल. ‘ब्रूच’ लिहिल्यास शोभेच्या वस्तूने डोळे कसे फुटले, हे वाचकाला उमगणार नाही. ‘वस्त्रबंधिनी’ हा शब्द परिभाषा समितीला आवडेल, पण तो टोचत नाही. माझा कौल ‘काटा’ या शब्दाला आहे. तो टोचतो, आणि केसांत खोवला की शोभतोही.

पहिल्या उल्लेखात मात्र ‘फिब्यूला’ कायम ठेवावी. नडगीशेजारच्या बारीक हाडाचे वैद्यकातील नावही तेच आहे. दोन्ही हाडे मिळून त्या काट्यासारखी दिसतात आणि हे बारीक हाड म्हणजे त्याची सुई.