एका रस्त्याचे रहिवासी



व्याख्यानाचे आमंत्रण घेऊन चिटणीस आले, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. मला सभा ठाऊक, व्याख्यान नव्हे." ते म्हणाले, "मग सभेत बोलता तसेच बोला." म्हणून आज मुंबईतील एका रस्त्याविषयी बोलणार आहे.

गावदेवीत लॅबर्नम रोड नावाचा लहानसा रस्ता आहे. लॅबर्नम हे इंग्रजांनी आपल्या बहाव्याला दिलेले नाव. वस्ती प्रतिष्ठितांची, आणि आसमंत इतिहासाने भरलेला. जवळच गवालिया टँक. तिथल्या तेजपाल संस्कृत पाठशाळेत १८८५ च्या डिसेंबरात ७२ प्रतिनिधी जमले आणि काँग्रेस जन्मली. तिथल्याच मैदानावर १९४२ च्या ऑगस्टात 'छोडो भारत'ची घोषणा झाली. पलीकडे चौपाटीच्या बाजूला पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन उघडले.

पण या रस्त्याचा सर्वांत मोठा रहिवासी म्हणजे महात्मा गांधी. रेवाशंकर जगजीवन झवेरी या स्नेह्यांचे 'मणिभवन' हे घर १९१७ पासून १९३४ पर्यंत गांधीजींचे मुंबईतील बिऱ्हाड होते. रौलट कायद्याविरुद्धच्या १९१९ च्या सत्याग्रहाची सूत्रे इथून हलली. ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे त्यांना अटक झाली, तीही याच घराच्या गच्चीवरील तंबूतून. १९५९ साली मार्टिन ल्यूथर किंग इथे मुक्कामाला राहिले, आणि २०१० साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा हे घर पाहून गेले. आज तिथे संग्रहालय आहे, ग्रंथालय आहे. माझ्यासारख्याला त्याचे दार कुणी अडवले नाही, हे कृतज्ञतेने सांगतो.

तिथेच 'सत्याचे प्रयोग' वाचताना मी एका प्रसंगापाशी थबकलो. गांधीजी आजारातून उठत होते. खादीचा ध्यास लागला होता, चरखा खोलीत आला होता. पण पेळूसाठी कापूस पिंजणार कोण? घरावरून रोज एक पिंजारी जात असे, गाद्यांचा कापूस पिंजणारा. गांधीजींनी त्याला बोलावले. तो तयार झाला, पण भाव भलताच चढा सांगितला. गांधीजींनी तो दिला!

मंडळी, साऱ्या पुस्तकात मला हे वाक्य फार आवडते. पिंजाऱ्यापुढे कोण बसले होते, याची त्याला कल्पना असेल वा नसेल. त्याने आपल्या कसबाची किंमत सांगितली, आणि ज्याला गरज होती त्याने ती मोजली. मात्र पिंजाऱ्याचे नाव तिथे नाही. घराच्या मालकाचे नाव इतिहासात आहे, पाहुण्यांची नावे आहेत. रोज त्या रस्त्याने धनुकली खांद्यावर टाकून जाणारा निनावीच राहिला.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. अशाच वस्त्यांतून पंचवीस वर्षे मी पहारेकऱ्यांत आणि घरकाम करणाऱ्या भगिनींत संघटनेचे काम करतो. पहारेकऱ्यांसाठी १९८१ साली कायदा झाला, घरकामगारांच्या कल्याण मंडळासाठी २००८ साली. कायदे कागदावर आहेत. ते जिन्याने वर चढवावे लागतात. एका इमारतीत अठरा वर्षे भांडी घासलेल्या बाईंनी पगारवाढ मागितली, म्हणून त्यांना दुसऱ्या दिवशी घरी बसवले. मी बोलणे करायला गेलो. मालकीणबाई सभ्य होत्या, चहा विचारला. मी म्हटले, "अर्जावर बाईंचे पूर्ण नाव लिहायचे आहे, सांगता का?" त्या गप्प झाल्या. अठरा वर्षांत 'बाई' याखेरीज नाव लागलेच नव्हते. पगार तर वाढला नाहीच, कामही परत मिळाले नाही. त्या बाईंचे नाव मीही इथे घेत नाही. त्यांना अजून त्याच वस्तीत काम शोधायचे आहे.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. मणिभवन जरूर पाहा. गच्चीही पाहा, आणि खाली उतरल्यावर रस्त्याने जाणाऱ्या पिंजाऱ्याची आठवण काढा. मग घरी जाऊन आपल्याकडे काम करणारीला तिचे पूर्ण नाव विचारा, आणि ती भाव सांगेल तो नीट ऐकून घ्या. रस्त्याचा इतिहास तेव्हा कुठे पुरा होईल.