थेंब ताजा असेपर्यंत



पलासियातील या शाळेने ज्यांच्या स्मृत्यर्थ मला आज येथे बोलावले, ते माझे स्नेही विज्ञान शिकवीत. मी मराठीचा अध्यापक. डबक्यातील पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ते मुलांना म्हणत, "थेंब ताजा आहे तोवर पाहून घ्या; मग त्यातली हालचाल थांबेल." या साध्या वाक्यावर एखाद्या मुलाचा प्राण अवलंबून असू शकतो, हे मला फार उशिरा उमगले. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. तरी त्यांच्या स्मरणार्थ आज याच विषयावर बोलावे, असे मी ठरविले.

मेंदूच्या आवरणांना सूज येते, तिला मस्तिष्कावरणदाह म्हणतात. बहुधा तो जिवाणूंमुळे किंवा विषाणूंमुळे होतो. क्वचित त्यामागे परोपजीवी असतो. त्यांतील अत्यंत घातक म्हणजे 'नेग्लेरिया फाउलेरी' हा अमीबा. अ‍ॅडलेड येथील विकृतिशास्त्रज्ञ माल्कम फाउलर यांनी आपले सहकारी कार्टर यांच्यासह १९६५ साली या रोगाचे वर्णन केले. त्यांचेच नाव पुढे या जीवास मिळाले. हा अमीबा कोमट, गोड्या पाण्यात राहतो. ते पाणी पोटात गेल्याने हा रोग होत नाही. सूर मारताना ते नाकात शिरले, तर मात्र गंधाच्या मज्जातंतूच्या वाटेने, नाकाच्या छतावरील चाळणीसारख्या हाडातून, तो मेंदू गाठतो.

पुढे काही दिवसांतच तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मान ताठणे ही लक्षणे दिसू लागतात. ती जिवाणूजन्य रोगासारखीच असतात आणि पाठीतून काढलेल्या पाण्याची नेहमीची तपासणीही तेच सुचविते: पांढऱ्या पेशी वाढलेल्या, साखर कमी, जिवाणू मात्र सापडत नाहीत. अशा वेळी ते पाणी शीतपेटीत न ठेवता, ताजे असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर सरपटणारा अमीबा दिसू शकतो. पीसीआर चाचणीने निदान पक्के होते. परंतु तिचा निष्कर्ष येईपर्यंत उपचार थांबवून चालत नाही. लक्षणे उमटल्यापासून मृत्यू बहुधा आठवड्याच्या आतच गाठतो.

केरळात २०२४ च्या मे ते जुलै या काळात या रोगाने तीन मुले दगावली. त्याच जुलैत कोझिकोड जिल्ह्यातील एक १४ वर्षांचा मुलगा मात्र वाचला. वडिलांनी या रोगाविषयी वाचले होते. मुलगा तळ्यात पोहला होता, हे त्यांनी डॉक्टरांना आपण होऊन सांगितले. त्यामुळे निदान लवकर झाले. अशा रुग्णाला अ‍ॅम्फोटेरिसिन बी, रिफाम्पिसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, मिल्टेफोसिन अशी अनेक औषधे एकत्र देतात आणि मेंदूवरील दाब कमी राखतात. यातील मिल्टेफोसिन मूळचे कर्करोगासाठी अभ्यासलेले, पुढे भारतात २००२ साली काळा आजारासाठी मान्य झालेले. इतके करूनही जगभरात शंभरातील सत्त्याण्णवांहून अधिक रुग्ण दगावले आहेत, हे आपण विसरू नये.

म्हणून प्रतिबंध हाच खरा उपाय. माळव्याचा उन्हाळा आपणांस ठाऊकच आहे. मुले विहिरीत, बावडीत, तलावात उड्या घेणारच. नाक चिमटीत धरावे, तळाचा गाळ ढवळू नये, पोहण्याच्या हौदात क्लोरीनचे प्रमाण योग्य राखावे. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून, मग कोमट करूनच वापरावे. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोघे याच रोगाने दगावले.

आणि पालकहो, तापाने फणफणलेले मूल दवाखान्यात नेताना एवढे अवश्य सांगा, "गेल्या पंधरवड्यात हा पोहायला गेला होता." आम्ही भाषेचे लोक आयुष्यभर शब्दांचे मोल सांगत आलो, या एका वाक्याइतके मोलाचे वाक्य मला दुसरे ठाऊक नाही. थेंब ताजा असेपर्यंत पाहावा, गोष्ट वेळेवर सांगावी, हीच माझ्या स्नेह्यांना खरी आदरांजली होय.