दिव्यांची पट्टी : मोठा आंकडा आणि बारीक अट



गणेशचतुर्थी जवळ आली कीं घरोघरीं मखर सजविण्याची धांदल सुरू होते, आणि अलीकडे ज्या मखरांत एलईडी दिव्यांची पट्टी नाहीं असें घर विरळाच. पट्टी नुसती लावून मुलांचें समाधान होत नाहीं. प्रकाश हळूहळू मंद व्हावा, पुन्हां उजळावा, अशी त्यांची हौस असते. मागें एका वर्षीं माझ्या नातवानें अशीच रचना स्वतःच्या हातांनीं केली. आरती आटोपून प्रसाद वाटीत असतां पुठ्ठा करपल्याचा वास आला. मखरामागें पाहिलें तों दिव्यांवर ताबा ठेवणारा इवलासा ट्रान्झिस्टर बोट लावूं देईना, आणि त्याला टेकलेला पुठ्ठा काळा पडला होता. वास वेळेवर आला म्हणून निभावलें. नातू म्हणाला, “आजोबा, ह्याच्या माहितीपत्रकांत तर ३३ अँपिअर लिहिलें आहे, आणि आपली पट्टी घेते सहाच!” त्याची शंका रास्त होती. तिचेंच उत्तर आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम पट्टीचा हिशेब करूं. बाजारांत सर्रास मिळणारी पट्टी १२ व्होल्टांवर चालते व पांच मीटरांच्या गुंडाळींत येते. तिच्यांत तीन तीन दिवे एका माळेंत ओवून त्यांच्या जोडीस एक रेझिस्टर बसविलेला असतो. म्हणूनच ती दर तीन दिव्यांनंतर कापतां येते. दर मीटरांत ५०५० ह्या आकाराचे ६० दिवे असलेली पट्टी मीटरास सुमारें १४.४ वॅट घेते. म्हणजे पांच मीटरांस ७२ वॅट. वॅटांस व्होल्टांनीं भागलें कीं अँपिअर निघतात : ७२ भागिले १२, उत्तर सहा. भागाकार सोपा आहे; पण दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं तो करणारे थोडे.

आतां पॉवर सप्लाय. ह्याचे व्होल्ट पट्टीच्या व्होल्टांशीं तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर मात्र गरजेहून अधिक असावेत. वीस अँपिअरांचा सप्लाय जोडला तर पट्टींत वीस अँपिअर घुसतील, ही भीति व्यर्थ होय. विहिरींत पाणी कितीही असो, घागर आपल्यापुरतेंच घेते. उलट, सहा अँपिअरांच्या पट्टीस नेमका सहाचाच सप्लाय देणें म्हणजे बैलास सारा दिवस चढावर पळविण्यासारखें आहे. सप्लायच्या ताकदीचा पांचवा हिस्सा राखून ठेवावा. ह्या हिशेबानें ७२ वॅटांकरितां ९० वॅट लागतात. १०० वॅटांचा सप्लाय घेतला कीं निश्चिंती. लांब पट्टीचें दूरचें टोंक मिणमिणतें, कारण तिच्यांतील तांब्याचा थर पातळ असून वाटेंत व्होल्ट खर्ची पडतात. अशा वेळीं पट्टीस दोन्ही टोंकांकडून वीज द्यावी, अथवा मुळांतच २४ व्होल्टांची पट्टी घ्यावी. तितक्याच वॅटांस प्रवाह निम्मा होतो, आणि त्याच तारेंतला उष्णतेचा व्यय चौथाईवर येतो.

आतां त्या ट्रान्झिस्टरकडे वळूं. आर्डुइनो बोर्डाचा एक पाय फार तर २० मिलिअँपिअर देण्याच्या बेताचा. सहा अँपिअरांचें ओझें त्याच्यानें उचलवत नाहीं. तो केवळ इशारा करतो, आणि मॉसफेट जातीचा ट्रान्झिस्टर पट्टीचा प्रवाह चालू-बंद करतो. आर्डुइनो उनो बोर्डाच्या बहुतेक पायांवर ही उघडझांप सेकंदांत सुमारें ४९० वेळां होते. दार जितका कमी वेळ उघडें, तितका प्रकाश मंद. दार पूर्ण उघडें किंवा पूर्ण बंद असेल तोंवर दारवान फारसा तापत नाहीं. परंतु तें अर्धवट उघडें राहिलें कीं सारी रेटारेटी दारांतच होते, आणि ती उष्णतेच्या रूपानें प्रकट होते.

नातवाचा मॉसफेट आयआरएफ ५४० एन ह्या जातीचा होता. त्याचे ३३ अँपिअर खोटे नव्हेत; पण त्या आंकड्याशेजारीं बारीक अक्षरांत अट आहे कीं, ‘गेट’ नांवाच्या पायावर १० व्होल्ट असावेत. आर्डुइनो देतो पांच! त्याच पत्रकांत गेटसाठीं २ ते ४ व्होल्ट असाही एक आंकडा असतो, आणि तो वाचून पुष्कळजण फसतात. तो दार सताड उघडण्याचा आंकडा नव्हे, किलकिलें होण्याचा आहे. तेवढ्यावर केवळ पाव मिलिअँपिअर प्रवाह वाहतो.

ह्या कामीं आयआरएलझेड ४४ एन बरा. गेटवर पांच व्होल्ट असतां त्याचा रोध ०.०२५ ओहमहून अधिक नसल्याची हमी असते. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ३६ गुणिले ०.०२५ : पाऊण-एक वॅट उष्णता. तापल्यावर रोध वाढतो, म्हणून ॲल्युमिनियमचा लहानसा हीट सिंक जोडावा. जुन्या घाटणीचा टीआयपी १२० तीन अँपिअरांसच दोन व्होल्टांपर्यंत स्वतः गिळूं शकतो. म्हणजे सहा वॅट नुसत्या उष्णतेंत! ज्या बोर्डांचा इशारा ३.३ व्होल्टांचा असतो, त्यांच्यासाठीं २.५ व्होल्टांवर रोधाची हमी दिलेला मॉसफेट शोधावा. आयआरएलझेडची हमी चार व्होल्टांखालीं दिलेली नाहीं.

जोडणींत चार गोष्टी विसरूं नयेत. बोर्डाचा व सप्लायचा ऋण टोंक एकत्र जोडावा. गेट व ऋण टोंक ह्यांमध्यें दहा हजार ओहमांचा रेझिस्टर घालावा, म्हणजे बोर्ड जागा होईपर्यंत दार बंद राहतें. धन तारेंत योग्य फ्यूज असावा. सप्लाय व मॉसफेट मोकळ्या हवेंत, कापड आणि पुठ्ठा ह्यांपासून दूर ठेवावेत. २३० व्होल्टांची बाजू मात्र मुलांच्या हातीं देऊं नये; ती जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी.

नातवाला मीं इतकेंच सांगितलें : “बाळ, आंकडा खरा होता, तो कोणत्या अटीवर खरा, हें आपण वाचलें नाहीं.” पुढील वर्षीं त्यानें आधीं कागदावर हिशेब मांडला, मग खरेदी केली. विसर्जनापर्यंत मखर उजळत राहिलें, आणि मॉसफेटवर बोट ठेवून आम्ही दोघेही निर्धास्त उभे राहिलों. आपल्या घरींही असेंच घडो.