सेवा सुरू आहे, हे कोणी पाहावे?



शासकीय सेवांचे दार आज पुष्कळ अंशी संगणकाच्या पडद्यावर उघडते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला प्राप्त झाला आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा घरबसल्या मिळू लागला. अनेकांचे हेलपाटे त्यामुळे वाचले. तथापि, एखादा शेतकरी कर्जाच्या कागदपत्रांसाठी दिवसाची मजुरी बुडवून सेवा केंद्रावर यावा आणि "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" एवढेच उत्तर घेऊन त्याने परत जावे, असे प्रसंग अद्याप घडतात. यंत्र आहे तेथे बिघाड होणारच, हे कोणीही मान्य करील. प्रश्न एवढाच की, तो बिघाड सर्वप्रथम कोणाला कळतो? सेवा चालविणाऱ्या कार्यालयाआधी तो शेतकऱ्याला कळत असेल, तर त्या व्यवस्थेत मूलभूत उणीव आहे असे म्हटले पाहिजे. ही उणीव दूर करणारी एक पद्धती आज जगभर रूढ झाली आहे. तिला सिंथेटिक मॉनिटरिंग, म्हणजेच कृत्रिम ग्राहकाकरवी केलेली तपासणी, असे म्हणतात.

आतील तपासणी आणि बाहेरील तपासणी

स्वतःची यंत्रे न बाळगता, मोठ्या कंपन्यांच्या संगणककेंद्रांतील क्षमता भाड्याने घेऊन चालविलेली सेवा म्हणजे क्लाउड सेवा होय. अशी केंद्रे आता महाराष्ट्रातही आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे व मुंबई येथे, तर ॲमेझॉनने २०१६ साली मुंबई येथे आपली केंद्रे सुरू केली. या यंत्रांवर किती भार आहे, स्मृती किती शिल्लक आहे, याची मोजणी अहोरात्र चालू असते. ही झाली आतील तपासणी.

ती आवश्यक आहे, परंतु पुरेशी नाही. यंत्र उत्तम चालू असूनही संकेतस्थळाच्या नावाची नोंद बिघडलेली असू शकते. पान उघडते, परंतु त्यावर माहितीऐवजी त्रुटीचा संदेश झळकतो. सुरक्षिततेच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली, तर यंत्रात काडीचाही दोष नसताना ग्राहकासाठी दार बंद होते. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टची 'टीम्स' ही सेवा काही तास बंद पडली, ती अशाच एका मुदतबाह्य प्रमाणपत्रामुळे. या प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवस होती. ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० दिवस आणि २०२९ च्या मार्चपासून अवघे ४७ दिवस, असा निर्णय संबंधित जागतिक मंडळाने २०२५ साली घेतला. नूतनीकरणाची तारीख कोणा एका कर्मचाऱ्याच्या स्मरणावर सोपविण्याचे दिवस संपले, हे यावरून स्पष्ट व्हावे.

बाहेरील तपासणीत एक लहानसा प्रोग्रॅम सामान्य नागरिकाप्रमाणे रांगेत उभा राहतो. तो संकेतस्थळ उघडतो, अर्जाचा क्रमांक भरतो, बटण दाबतो आणि अपेक्षित उत्तर आले किंवा नाही हे पाहतो. त्यास किती वेळ लागला याची नोंद करतो, आणि काही मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

पहारेकरी कोठे उभा असावा?

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया येथे ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवणसेवा सुमारे चार तास विस्कळीत झाली. देयकांशी संबंधित यंत्रणेतील दोष शोधताना काही थोडे सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा देण्यात आली होती. त्या आज्ञेतील एक तपशील चुकीचा भरला गेला आणि फार मोठ्या संख्येने सर्व्हर काढले गेले. या सेवेवर अवलंबून असलेली असंख्य संकेतस्थळे त्यामुळे खोळंबली. ग्राहकांना सेवांची स्थिती सांगणारा कंपनीचा फलकही याच साठवणसेवेवर विसंबून होता. परिणामी, सेवा बंद असतानाही बिघाडाची नोंद त्या फलकावर काही काळ करता येईना. ही सर्व हकीकत कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केली, ही गोष्टही उल्लेखनीय आहे.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक व व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते. त्या वेळीही दुरुस्तीसाठी लागणारी अंतर्गत साधने त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांची कोंडी झाली. घराला आग लागली असता सूचना देणारी घंटा त्याच घरात जळून जात असेल, तर तिचा उपयोग काय? यास्तव तपासणी करणारा प्रोग्रॅम सेवेच्या केंद्राबाहेर असावा, हा पहिला नियम होय. सेवा मुंबईच्या केंद्रात असेल, तर तपासणी हैदराबादहून व्हावी. अन्य एखाद्या कंपनीच्या केंद्रातूनही ती झाल्यास अधिक चांगले.

कॅनरी पक्ष्याचा वारसा

ॲमेझॉनच्या या स्वरूपाच्या तपासणीला 'कॅनरी' असे नाव आहे. त्यामागे मोठा इतिहास आहे. कोळशाच्या खाणीत स्फोटानंतर साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नसतो, वासही नसतो. खाणींतील पुष्कळसे मृत्यू या वायूमुळे होतात, हे जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले आणि लहान प्राणी सोबत नेण्याचा उपाय सुचविला. कॅनरी पक्ष्यावर या वायूचा परिणाम माणसाच्या आधी होतो. तो मलूल झाला की, कामगारांना बाहेर पडण्यास अवधी मिळे. १९११ पासून ब्रिटनच्या खाणींत ही प्रथा चालू होती. १९८६ साली इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणून ती बंद करण्याचे ठरले. माणसाला इजा पोहोचण्यापूर्वी इशारा मिळावा, हा त्यामागील हेतू मात्र आजही तोच आहे.

तपासणी कोडमध्ये लिहिण्याची पद्धती

अशी तपासणी संगणकाच्या पडद्यावर बटणे दाबूनही सुरू करता येते. बहुतेक ठिकाणी आरंभ तसाच होतो. परंतु ज्याने ती सुरू केली, त्याची बदली झाली की कोणती तपासणी कशासाठी लावली होती, हे कोणालाच सांगता येत नाही. कोणी एखादी तपासणी तात्पुरती म्हणून थांबवतो आणि ती पुन्हा सुरू करावयाची राहून जाते. यासाठी तपासणीचा सर्व तपशील एका फायलीत, ठरावीक नियमांच्या भाषेत लिहून ठेवतात. यालाच 'कोडमध्ये' लिहिणे म्हणतात. हाशीकॉर्प कंपनीने २०१४ साली प्रसिद्ध केलेले टेराफॉर्म हे त्याचे एक प्रचलित साधन आहे.

गूगल क्लाउडवरील 'अपटाइम चेक' हे उदाहरण घेता येईल. त्यासाठी लिहावयाच्या मजकुरात तपासणीचे नाव व संकेतस्थळाचा पत्ता असतो. ती किती अंतराने करावयाची हे ठरविण्यासाठी एक, पाच, दहा किंवा पंधरा मिनिटे असे पर्याय आहेत. उत्तरासाठी किती थांबावे, हे एक ते साठ सेकंदांच्या मर्यादेत सांगावे लागते. तपासणीची ठिकाणे निवडावयाची असल्यास ती किमान तीन असावी लागतात. आणखी एक कलम फार महत्त्वाचे आहे. उत्तरात कोणते शब्द सापडले पाहिजेत, ते तेथे लिहिता येते. पान उघडले एवढ्यावर समाधान न मानता, त्यावर योग्य मजकूर आहे याची खातरजमा या कलमामुळे होते.

हा मजकूर तयार झाल्यावर टेराफॉर्म प्रथम आराखडा दाखविते. कोणती तपासणी नव्याने लागणार, कोणती बदलणार, कोणती काढली जाणार, हे त्यात नमूद असते. तो पाहून मंजुरी दिल्यानंतरच अंमलबजावणी होते. छत्तीस जिल्ह्यांच्या छत्तीस संकेतस्थळांची तपासणी लावावयाची असेल, तर छत्तीस वेळा तेच काम करावे लागत नाही. मसुदा एकच राहतो आणि सोबत पत्त्यांची यादी जोडली जाते.

ही फाईल गिटसारख्या साधनात ठेवली की प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते. शासकीय कार्यपद्धतीची ज्यांना सवय आहे, त्यांना हे अपरिचित वाटणार नाही. एकाने टिपणी सादर करावी, दुसऱ्याने तपासावी, सक्षम अधिकाऱ्याने मंजुरी द्यावी आणि सर्व कागद दप्तरी राहावेत, हीच ती पद्धत होय. बदल कोणी, केव्हा आणि का केला, हे पुढे येणाऱ्यास वाचता येते.

जेथे अनेक पायऱ्यांची तपासणी हवी असते, तेथे २०२० पासून उपलब्ध झालेल्या ॲमेझॉनच्या कॅनरीसारख्या सोयीचा उपयोग होतो. तीत नोड जेएस अथवा पायथन या भाषांत नागरिकाच्या सर्व कृती क्रमाने लिहितात. कोणत्या पायरीवर अडले, त्या वेळचे पडद्याचे छायाचित्रही ती जपून ठेवू शकते.

पाळावयाची पथ्ये

पहिले पथ्य इशाऱ्यांविषयीचे. जाळ्यातील क्षणिक अडथळ्याने एखादी तपासणी चुकली, म्हणून मध्यरात्री अधिकाऱ्यास उठविणे इष्ट नव्हे. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतील मुलाप्रमाणे अशा इशाऱ्यांवरील विश्वास लवकरच उडतो. दोन निरनिराळ्या ठिकाणांहून, किंवा लागोपाठ दोन-तीन वेळा, तपासणी अयशस्वी झाली तरच इशारा जावा.

दुसरे पथ्य नोंदींविषयीचे. कृत्रिम ग्राहकाने भरलेला अर्ज खऱ्या अर्जांच्या नोंदवहीत मिसळता कामा नये. त्यासाठी वेगळे, स्पष्ट खुणेचे चाचणी खाते असावे. त्या खात्याचा पासवर्ड कोडच्या फायलीत कधीही लिहू नये. गुप्त मजकुरासाठी असलेल्या स्वतंत्र तिजोरीत तो ठेवावा.

तिसरे पथ्य खर्चाचे. पाच मिनिटांना एक याप्रमाणे एका ठिकाणाहून दिवसात २८८ आणि तीस दिवसांत ८,६४० तपासण्या होतात. दर मिनिटाला केल्यास हाच आकडा ४३,२०० वर जातो. सेवेचे महत्त्व पाहून अंतर ठरवावे.

चौथे पथ्य सर्वांत अधिक दुर्लक्षित राहते. जी तपासणी वर्षभर 'सर्व ठीक' असेच सांगते, ती खरोखर पाहते आहे किंवा नाही, हे कोणी तपासावे? यासाठी चाचणीच्या सेवेत अधूनमधून जाणूनबुजून बिघाड करून इशारा योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचतो किंवा नाही, हे पाहत जावे.

यंत्राची मर्यादा आणि माणसाचे काम

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. तपासणी करणारा प्रोग्रॅम वेगवान जाळ्यावर बसलेला असतो. डोंगरकपारीतील गावात मोबाईलचा क्षीण संकेत धरून बसलेल्या शिक्षकाचा अनुभव त्याला येत नाही. प्रोग्रॅमला अर्जातील क्लिष्ट भाषाही अडत नाही. म्हणून नागरिकांच्या तक्रारींची जागा ही तपासणी घेऊ शकणार नाही. सेवा बंद आढळल्यास दिनांक, वेळ आणि पडद्यावरील संदेश लिहून तो वर कळविण्याची सवय पंचायतींनी व शाळांनी लावून घेतली, तर जेथे यंत्राची दृष्टी पोहोचत नाही तेथील माहितीही हाती येईल.

नवी सेवा स्वीकारताना संबंधित अधिकाऱ्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. ही सेवा बाहेरून, नागरिकाच्या बाजूने, तपासली जाते काय? त्या तपासणीचा लिखित मजकूर कोणाच्या दप्तरी आहे? आणि इशारा आला तर रात्री-अपरात्री तो घेणार कोण? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर असतील, तर तालुक्याच्या गावी निघालेल्या त्या शेतकऱ्याचा दिवस वाया जाण्यापूर्वी दुरुस्ती सुरू झालेली असेल. निदान सेवा बंद असल्याचा निरोप तो घरून निघण्यापूर्वी त्याला देता येईल.