स्पिरिटचे कौतुक पुरे, उत्तर कोण देणार?

(विभागीय शाखेच्या वार्षिक सभेत सेक्रेटरींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभेच्या पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘दहशतवादी हल्ला आणि नागरिकांचे कर्तव्य’. पत्रिका काढणाऱ्या साथींची परवानगी घेऊन आम्ही त्याला आणखी एक शेपूट जोडतो, ‘आणि राज्यकर्त्यांची जबाबदारी’. कारण कर्तव्य आपल्याला रोजच शिकवले जाते. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही घोषणा आपल्याच फलाटांवर दिवसातून कितीदा होते त्याला गणती नाही. वरच्यांचे कर्तव्य कोणत्या भोंग्यावरून सांगतात, ते मात्र आम्हाला अजून ऐकू आलेले नाही.

11 जुलै 2006, मंगळवार. संध्याकाळी 6 वाजून 24 मिनिटांपासून पुढच्या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकल गाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, सात स्फोट झाले. माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड, ही नावे परमुलखात नोकरी करणाऱ्या आपल्या साथींनाही पाठ झाली. कामावरून घरी निघालेल्या माणसांनी गाड्या गच्च भरलेल्या. दोनशेच्या आसपास माणसे गेली, सातशेहून अधिक जखमी झाली.

त्या संध्याकाळी आधी पोहोचले कोण? रुळांच्या कडेला राहणारी माणसे. ज्यांना आपण एरवी अतिक्रमण म्हणतो तीच. त्यांनी घरातल्या चादरी आणल्या आणि चादरींच्या झोळीतून जखमींना रस्त्यापर्यंत नेले. एवढ्या मोठ्या रेल्वेच्या स्टेशनांवर स्ट्रेचर किती होते आणि ते कोणत्या कुलपात होते, हा प्रश्न त्याच वेळी विचारायला हवा होता. मग आपली माणसे कामाला लागली. वायरचा करंट बंद करा, फुटलेले डबे ओढून न्या, रूळ तपासा, ओव्हरहेड वायर जोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चिम रेल्वे चालू होती.

आणि मग सुरू झाले ते ‘मुंबईचे स्पिरिट’. साथींनो, या शब्दाची आम्हाला चीड आहे. दुसऱ्या दिवशी मोटरमन ड्यूटीवर गेला, कारण रोस्टरवर त्याचे नाव होते. सॉर्टर टपाल फोडायला बसला, कारण थैल्या येऊन पडल्या होत्या. प्रवासी डब्यात चढला, कारण खाडा झाला तर पगार कापला जातो. यात धैर्य नव्हते असे आम्ही म्हणत नाही, होतेच. पण गरिबाच्या नाइलाजाला शाबासकी द्यायची आणि त्या शाबासकीच्या आड आपण प्रश्नांतून निसटायचे, हा राज्यकर्त्यांचा डाव आपण ओळखला पाहिजे. 2006 नंतर एकाही मंत्र्याने खुर्ची सोडली नाही.

याच रेल्वेत एक काळ असा होता, की नोव्हेंबर 1956 मध्ये अरियालूरला गाडीला अपघात झाला, शंभराहून अधिक माणसे गेली, आणि रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला. इंजिन ते चालवत नव्हते, रुळाखालचा भराव त्यांनी टाकला नव्हता. खाते माझे, तर उत्तर माझे, एवढा सरळ हिशेब.

26 नोव्हेंबर 2008 ला छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन बंदूकधारी शिरले. मुख्य हॉलमध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट बघत बसलेली माणसे, बायका, पोरे. एकट्या त्या स्टेशनात पन्नासहून अधिक बळी गेले. मुंबईभर मिळून 166. त्या रात्री आपल्या एका उद्घोषकाने केबिन सोडली नाही. लोकलमधून उतरणाऱ्या प्रवाशांना तो माइकवरून मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिला. किती जीव त्याने वाचवले याची नोंद कुठल्या रजिस्टरात होणार?

त्या वेळी राजीनामे झाले, हे खरे. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील गेले, उपमुख्यमंत्री आणि राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील गेले, मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले. पुढे काय? विलासराव मे 2009 मध्ये केंद्रात मंत्री. आर. आर. पाटील नोव्हेंबर 2009 मध्ये पुन्हा त्याच गृहखात्यात. शिवराज पाटील 2010 मध्ये पंजाबचे राज्यपाल. आपल्याकडे याला बदली म्हणतात, तीही सोयीच्या ठिकाणी! पोलिसांनी हल्ला कसा हाताळला हे तपासायला राज्याने राम प्रधान समिती नेमली. समितीने 2009 च्या एप्रिलमध्ये अहवाल दिला. सरकारने जूनमध्ये कार्यवाहीचा कागद विधिमंडळात ठेवला, मूळ अहवाल ठेवला नाही. तो बाहेर यायला डिसेंबर उजाडला, तोही आधी फुटल्यावर. कोणाला ही पक्षाची टीका वाटेल, म्हणून सांगतो. 1993 च्या जानेवारीत नेमलेला श्रीकृष्ण आयोग 1996 मध्ये गुंडाळणारे सरकार दुसऱ्या पक्षांचे होते. गदारोळ झाल्यावर तो पुन्हा सुरू करावा लागला. पक्ष बदलतो, कपाट तेच राहते.

आता आपले बघा. मोटरमनने तांबडा सिग्नल ओलांडला, तर त्याच दिवशी तो गाडीवरून खाली. चार्जशीट, चौकशी, नोकरीवर गदा. गँगमनच्या हातून फिशप्लेट ढिली राहिली तर त्याला विचारणारे दहा साहेब. यात अन्याय पुष्कळ होतो, त्याविरुद्ध आपण भांडतोच, पण जबाब द्यायचा नाही असे आपला कामगार कधी म्हणाला नाही. शिवाय प्रवासी गाडीच्या जीवघेण्या अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतो, आणि तो रेल्वे मंत्रालयाचा नोकर नसतो. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतो. 1941 मध्ये हे निरीक्षक रेल्वेपासून तोडून टपाल आणि हवाई खात्याखाली दिले गेले, हे टपालातल्या साथींनी ऐकून ठेवावे. तत्त्व साधे आहे, ज्याच्या कामाची तपासणी त्याच्याच हाताखाली तपासनीस नसावा. प्रत्येक दहशतवादी हल्ल्यानंतर अशीच कायद्याने बांधलेली, गृहखात्याच्या बाहेरची चौकशी व्हावी आणि ठरलेल्या मुदतीत तिचा अहवाल सभागृहात यावा, ही मागणी आपल्या ठरावात आहे. गुप्त ठेवायचे तेवढे गुप्त ठेवा. पण चूक कोणाची, हे गुप्त कसे?

स्टेशनावर तर जबाबदारीची वाटणीच अशी, की दोघांनाही हात झटकता येतात. फलाटावरची कायदा-सुव्यवस्था जीआरपीकडे, म्हणजे राज्याकडे. मालमत्ता आरपीएफकडे, म्हणजे दिल्लीकडे. 2003 च्या दुरुस्तीने प्रवाशांच्या सुरक्षेचे कामही त्यांच्याकडे आले. काही घडले की हा त्याच्याकडे बोट दाखवतो, तो याच्याकडे. मधे धातुशोधकाची चौकट उभी असते, शेजारी माणूस नसतो, आणि लोक बाजूने जातात.

पश्चिम रेल्वेच्या खटल्याचे सांगायलाच हवे, जरी त्यावर बोलणे कोणालाच सोयीचे नाही. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरले, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने ते सर्व निर्दोष ठरवले. सरकारी पक्ष गुन्हा सिद्ध करू शकला नाही, कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. 24 जुलैला त्या न्यायालयाने निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही. त्यानंतर आठवड्याभरात, 31 जुलैला, 2008 च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सुटले. तिथे सहा माणसे मेली होती. एका खटल्यात आरोपी मुसलमान, दुसऱ्यात हिंदू. काही लोकांनी एका निकालावर पेढे वाटले आणि दुसऱ्यावर छाती पिटली, काहींनी नेमके उलट केले. आम्ही विचारतो, लोकलमध्ये ज्याचा मुलगा गेला त्याने एकोणीस वर्षांनी काय समजायचे? बॉम्ब ठेवला कोणी? आणि जे सुटले ते खरोखर निरपराध असतील, तर त्यांच्या अठरा-एकोणीस वर्षांचा हिशेब कोणत्या अधिकाऱ्याच्या सर्व्हिस बुकात लिहिणार? एकाही तपास अधिकाऱ्याला यासाठी चार्जशीट मिळाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता आपल्या बाजूचे, कारण नुसते वर बोट दाखवून चालणार नाही. 12 मार्च 1993 च्या स्फोटांत 257 माणसे गेली. त्यासाठीचे आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरले होते. ते काही भुताने आणले नाही. टाडा न्यायालयाने पुढे कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीस यांनाही दोषी धरले. पैसे घेऊन वाट मोकळी करणाऱ्याला पेटीत काय आहे हे बहुधा ठाऊकही नसते, कारण त्याला विचारायचेच नसते. पार्सल ऑफिसमध्ये, गार्डाच्या डब्यात, टपालाच्या काउंटरवर चहापाण्यासाठी न बघता माल सोडणारा एखादा असतोच. त्याला युनियन पाठीशी घालणार नाही, हे आज इथे स्पष्ट सांगतो. त्याच वेळी प्रशासनालाही सांगतो, की तीन माणसांचे काम एकाला द्यायचे, बाकी कंत्राटी पोरांकडून उरकायचे आणि वर दक्षतेचे फलक रंगवायचे, हे चालणार नाही.

दुसरे, स्फोट झाला की आपल्याच शेडमधल्या एखाद्या मुसलमान फिटरकडे चार दिवस कोणी डबा उघडून बसत नाही. हे घडते, नाही म्हणू नका. संप झाला तेव्हा तो आपल्याबरोबर फाटकावर होता. ज्या शाखेत असे होईल तिथल्या पदाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी त्याच्या शेजारी बसून जेवावे, ठराव नंतर करावा.

तिसरे नुकसानभरपाईचे. रेल्वे कायदा 1989, कलम 123 आणि 124-अ. गाडीत, फलाटावर, वेटिंग हॉलमध्ये दहशतवादी कृत्याने मृत्यू झाला तर चूक कोणाची हे न बघता भरपाई द्यावी लागते. 2017 पासून ती आठ लाख आहे. दावा रेल्वे क्लेम्स ट्रायब्युनलपुढे, मुदत एक वर्ष. तिकीटधारक प्रवासी, फलाट तिकीट घेतलेला माणूस आणि ड्यूटीवरचा रेल्वे नोकर यात येतात. पण लायसन्सवाला हमाल? चहाच्या स्टॉलवरचा पोरगा? कंत्राटी सफाई कामगार? तेही त्याच फलाटावर, त्याच गोळीसमोर असतात. रेल्वे नोकर या शब्दात त्यांना बसवायला वकील लावावा लागतो. या कलमात ‘स्टेशनावर काम करणारी कोणतीही व्यक्ती’ असे शब्द घालावेत, हे निवेदन आपण खासदारांना देणार आहोत.

शेवटी कामाचे. माहितीच्या अधिकाराचे अर्ज शाखा कार्यालयात छापून ठेवले आहेत. त्यात चारच प्रश्न आहेत: आपल्या स्टेशनात स्ट्रेचर किती आणि किल्ली कोणाकडे, चालू कॅमेरे किती, धातुशोधकावर कोणत्या पाळीत कोण, आणि शेवटची सरावाची कवायत कोणत्या तारखेला झाली. आर.एम.एस.च्या साथींनी आपल्या सॉर्टिंग ऑफिससाठी वेगळा अर्ज घ्यावा. दहा रुपयांचे पोस्टल ऑर्डर खजिनदारांकडे मिळेल. महिन्याच्या अखेरपर्यंत प्रत्येक स्टेशनातून एक अर्ज गेला पाहिजे, आणि आलेले उत्तर, टाळाटाळीचे असले तरी, नोटीस बोर्डावर लावायचे आहे.