छत्रीच्या काड्या आणि हृदयाच्या दोऱ्या

आषाढात रत्नागिरीच्या वाऱ्यात जिची छत्री कधी उलटी झाली नाही, अशी बाई आपल्यात सापडायची नाही. कापड धड असतं, पण काड्या वाकल्या की छत्री कामातून गेली. आज आपण छातीतल्या अशाच एका छत्रीविषयी बोलू.

हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक झडप असते. तिला मायट्रल झडप म्हणतात. तिला दोन पातळ पाकळ्या असतात. पाकळ्यांच्या कडांना बारीक, चिवट दोऱ्या असतात आणि त्या खालच्या कप्प्याच्या भिंतीतून वर आलेल्या दोन स्नायूंना जोडलेल्या असतात. हे पॅपिलरी स्नायू. हृदय आवळलं की झडप मिटते. तेव्हा हे स्नायू दोऱ्या ताणून धरतात, म्हणून पाकळ्या उलट्या होत नाहीत. दिवसाला सुमारे एक लाख वेळा हे काम चालतं.

ताण तरी किती? बीपीचा वरचा आकडा 120 असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 160 ग्रॅमचा रेटा. झडपेचं तोंड 4 ते 6 चौरस सेंटिमीटरचं. हिशेब केला तर पाऊण किलोच्या आसपास रेटा होतो. त्यातला काही झडपेची कड सोसते, बाकीचा या दोऱ्या आणि स्नायू.

शास्त्रज्ञ हा ताण प्रयोगशाळेत मोजतात. डुकराच्या हृदयाची झडप माणसाच्या झडपेसारखीच असते. ती दोऱ्या आणि स्नायूंसकट काढून पारदर्शक पेटीत बसवतात. पंपाने ठोक्यांसारखं पाणी ढकलतात. स्नायू ज्या दांड्यांना धरलेले असतात, त्यांना ताणकाट्यासारखं यंत्र जोडलेलं असतं. मग दांडी थोडी सरकवून बघतात. पाकळ्या अगदी चांगल्या असल्या तरी स्नायू जागचा हलला की पाकळ्या खाली ओढल्या जातात, नीट मिटत नाहीत आणि झडप गळू लागते. हार्ट अटॅकनंतर हृदय फुगलं की काही जणांचं असंच होतं.

पूर्वी झडप बदलताना या दोऱ्या सरसकट कापून टाकत. 1964 साली लिलेहाय या अमेरिकन सर्जनने त्या जपायला हव्यात असं मांडलं. आता शक्य असेल तिथे झडप दुरुस्त करतात, नाहीतर निदान दोऱ्या तरी राखतात. कारण त्या हृदयाच्या भिंतीलाही आधार देतात.

दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर कृत्रिम झडप बसवतात. आपल्या स्टेशनवरून नेत्रावती एक्स्प्रेस जिथे जाते, त्या तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने भारतीय झडप बनवली. तीन नमुने फसले, चौथा टिकला. डिसेंबर 1990 मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. पण अशा झडपेबरोबर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, आणि गरोदरपणात त्या गोळ्यांची फार काळजी घ्यावी लागते.

म्हणून आमचं सांगणं एवढंच, की दोऱ्या खराब होऊच देऊ नका. आपल्याकडे त्या बिघडवतो तो रुमॅटिक ताप. 5 ते 15 वर्षांच्या मुलामुलींचा घसा दुखतो, बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा सुजतो. सांधे बरे होतात, पण झडपेच्या दोऱ्या जाड होतात, आखडतात, एकमेकींना चिकटतात. मुलगी सासरी जाते, दिवस राहतात आणि मग धाप लागते.

घसादुखीत ताप असेल तर पोराला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. दिलेल्या गोळ्या पूर्ण संपवा. रुमॅटिक ताप झालेल्या मुलाचं तीन-चार आठवड्यांनी येणारं पेनिसिलीनचं इंजेक्शन चुकवू नका, पोर बरं दिसलं तरी. शाळेत तपासणीचं पथक आलं की त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. गरोदर बाईला उताणं झोपल्यावर धाप लागत असेल तर "असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका. शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधी करा.

पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा, "कुणाच्या पोराचे सांधे सुजले होते का गं?" छत्री बाजारात दुसरी मिळते. या दोऱ्या मिळत नाहीत.