सांगणारीकडे परत

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

पुण्याच्या सुमित्रा भावे यांच्या 'कासव' या चित्रपटाला 2017 साली सुवर्णकमळ मिळालं, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. मला बोलायचंय ते त्याच्या तीस वर्षं आधीच्या सुमित्राताईंबद्दल.

1943चा त्यांचा जन्म. समाजकार्य शिकल्या, कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवू लागल्या. चित्रपटाचं रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतलं नाही. वस्तीतल्या बायका स्वतःकडे कशा पाहतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. बायका मोकळेपणानं बोलल्या. आता अहवाल होणार, तो अभ्यासक वाचणार. पण ज्यांच्यासारख्यांचं आयुष्य त्यात उतरणार, त्यांतल्या कितीजणींना वाचता येत नव्हतं! त्यांच्यापर्यंत हे पोचवायचं कसं? या अस्वस्थतेतून 1985 साली 'बाई' हा लघुपट झाला. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी कॅमेऱ्याची वाट धरली ती अशी. पुढे 1987 साली 'पाणी' आला. आठ दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचं त्यांचं पुस्तकही गेल ऑम्व्हेट यांच्या अनुवादातून 1988 साली इंग्रजीत आलं.

'बाई'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला मात्र त्याहून मोठा वाटतो तो त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न. ऐकलेल्या गोष्टीवर पहिला हक्क सांगणारीचा, हे त्यांनी मानलं. त्यांचा स्त्रीवाद मला तिथे दिसतो. सुनील सुकथनकरांबरोबर केलेल्या 'दोघी' या चित्रपटातही, घर जगवायला मुंबईला पाठवलेल्या आणि मग घरालाच नकोशा झालेल्या मुलीकडे त्या निवाडा न करता पाहतात. 2021 साली त्या गेल्या.

हे सगळं इथे, मावळात का सांगतेय? 9 ऑगस्ट 2011 रोजी इथल्या बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर, पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याच्या योजनेविरुद्ध आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेली. त्यांत एक शेतकरी बाई होती. पाणी, जमीन, धरणानं उठवलेली गावं यांबद्दल इथल्या घराघरांतल्या बायकांकडे सांगण्यासारखं किती आहे, ते तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. तुमच्या आज्या, आत्याच त्या!

तुमच्यापैकी अनेकांनी शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी गावोगाव प्रश्नावल्या भरून घेतल्या. बायकांनी चुलीपुढून उठून तुम्हाला चहा दिला, उत्तरं दिली. त्या प्रकल्पांना गुण मिळाले, वह्या कपाटात गेल्या. माझी विनंती एवढीच आहे: येत्या महिन्यात त्या गावांत परत जा. काय सापडलं ते देवळात, अंगणवाडीत बसून त्यांना वाचून दाखवा. मोबाइलवर चित्रण केलं असेल, तर ते आधी त्यांना दाखवा. "हे असं नव्हतं," असं कुणी म्हणाली, तर तिथेच बसा आणि तिचं पुन्हा ऐका.